म्हैस विकण्याआधी



गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा थोरल्या दादांनी सकाळीच मला गोठ्यात नेले. तिथे नुकतीच व्यालेली म्हैस बांधलेली होती. दादा म्हणाले, "ही विकायची का ठेवायची, ते तू सांग. तू शेतकी शिकलेला." मला वाटले, दुधाचा काही प्रश्न असेल. पण प्रश्न मुलाचा निघाला.

माझा पुतण्या बी.ए. झाला आहे. पोलीस भरतीला दोनदा उतरला आणि दोनदा परत आला. आता त्याला शहरात व्यायाम शिकवणारा, म्हणजे जिम ट्रेनर व्हायचे आहे. दीड महिन्याच्या वर्गाची फी म्हशीच्या किमतीएवढी. पण दादांची शंका वेगळीच होती. "अरे, हल्ली फोनच व्यायाम शिकवतो म्हणतात. मग ह्याला पगार कोण देणार?"

पुतण्या ऐकत होता. त्याने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून अंगणात उभा केला आणि समोर बैठका मारू लागला. फोन मोजत होता. मध्येच बोलला, गुडघे आत येत आहेत, बाहेर ठेवा. खरोखरच येत होते. भाकरी थापायची थांबवून वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नास बैठकांपैकी फोनने अठ्ठेचाळीसच धरल्या. दोन अर्धवट होत्या, त्या सोडून दिल्या.

यात जादू काही नाही. फोनचा कॅमेरा खांदा, कोपर, कंबर, गुडघा, घोटा असे सांधे हेरतो, ते रेघांनी जोडतो आणि कोन मोजतो. असंख्य माणसांची चित्रे दाखवून त्याला हे शिकवलेले असते. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. वय, वजन, उंची सांगितली की महिन्याचा व्यायाम आणि आहारही यंत्र क्षणात लिहून देते. ते थकत नाही, रजा मागत नाही. म्हणून कडू गोष्ट आधी सांगतो. ज्या शिक्षकाचे काम तक्ता लिहून देणे आणि आकडे मोजणे एवढेच आहे, त्याच्या नोकरीचा पाया ढिला झाला आहे. त्या कामासाठी म्हैस विकू नये.

तुम्ही म्हणाल, साहेबांना व्यायामातले काय कळते? पण असा प्रसंग माझ्यावर येऊन गेला आहे. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले. शेतकऱ्याने फुकट फोन लावावा आणि सल्ला घ्यावा, अशी ती सोय. तेव्हा मी मराठवाड्यात नेमणुकीवर होतो. आता आपल्याला कोण विचारणार, अशी कचेरीत कुजबुज होती. मग मलाही वाटू लागले की आपणही फोनवरच काम भागवावे. एका शेतकऱ्याने कपाशीवर लाल्या आल्याचे फोनवर सांगितले. मी जागेवरूनच मॅग्नेशियम सल्फेट फवारायला सांगितले. त्याने पदरमोड करून फवारले. फरक पडला नाही. शेवटी मी शेतात गेलो, एक झाड उपटले, तर मुळे काळी पडलेली. त्या कोपऱ्यात पाणी साचत होते. त्याने ते सांगितले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते. मीही विचारले नव्हते. चर काढला, तेव्हा उरलेली झाडे सावरली. लाज मात्र माझी मला वाटली.

पुतण्याचेही असेच झाले होते, हे त्या सकाळी कळले. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण. दुसऱ्या भरतीच्या आधी त्याने फोनवरचा तक्ता धरला. तक्ता रोज अंतर वाढवायला सांगे. हा डांबरी रस्त्यावर पळे. रात्रीची वीज, म्हणून उसाला पाणी धरायला जाई आणि पहाटे न झोपताच पळायला. नडगी दुखू लागली. हे त्याने फोनला सांगितले नाही, आणि आमच्यापैकीही कुणाला नाही. भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीत पाय उचलेना.

दोष फोनचा का? मी विचारले, तेव्हा पुतण्या प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, मी विचारलं असतं तर त्यानं थांब म्हणूनच सांगितलं असतं." खरे आहे. पण वीस-बावीस वर्षांचे पोर दुखणे सांगत नाही, लपवते. तिथेच माणूस लागतो.

आमच्या लहानपणी गावच्या तालमीत एक वस्ताद होते. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आमच्याच कराड भागातले, गोळेश्वरचे. त्यांचे नाव घेतल्याशिवाय वस्तादांची सकाळ होत नसे. एकदा मीही रात्रभर पाणी धरून तालमीत गेलो. कुणाला काही बोललो नव्हतो. वस्तादांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "आज जोर नाहीत. आखाड्याची माती उकर, आणि घरी जाऊन नीज." मला राग आला होता. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी काय वाचवले ते कळते.

तेव्हा घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पैसे भरण्याआधी हे पाहा. वर्गात शरीराची रचना, दुखापत आणि प्रथमोपचार शिकवतात का? खऱ्या माणसांवर शिकवण्याचा सराव देतात का? नोकरीची हमी देत असतील, तर ती कागदावर देतात का? शक्य असेल तर पक्के शिक्षण घ्यावे. पदवीधराला बी.पी.एड. करता येते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हे काम करते आहे. पतियाळाला १९६१ पासून क्रीडा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संस्था आहे.

काम शहरातच आहे असेही नाही. डॉक्टर साखरेच्या आणि रक्तदाबाच्या रोग्याला "चालत जा" म्हणतात, पण किती आणि कसे, ते दाखवायला गावात कोणी नसते. खुरपून खुरपून ज्यांची कंबर गेली, त्या बायाबापड्यांना फोनसमोर उभे राहा म्हणून चालत नाही. भरतीच्या मुलींना शिकवायला बाई असेल, तर आया निर्धास्त होतात. आणि कॅमेऱ्यासमोर व्यायाम करताना ते चित्रण कुठे जाते, हेही कळायला हवे. ज्याला हे सारे येते, त्याला फोन शत्रू नाही, हाताखालचा गडी आहे. दहा वर्षांनी यंत्र आणखी काय शिकेल, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसऱ्याच्या अंगाची काळजी ज्याने शिकून घेतली, तो रिकामा बसेल असे मला वाटत नाही.

दादांना मी हेच सांगितले. म्हैस अजून गोठ्यात आहे. पुतण्याने दीड महिन्याचा वर्ग सोडला आणि बी.पी.एड.च्या प्रवेशाची तयारी धरली. खर्च दुधातून काढायचा ठरले आहे, थोडा भार मी उचलणार आहे. तोवर सकाळी तो गावातल्या नऊ मुलामुलींना पळवतो, डांबरावर नव्हे, नदीकाठच्या मातीवर. वेळ फोन मोजतो.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, एका पोराला आज पळू दिले नाही, घरी झोपायला पाठवले. पोर काही बोलले नव्हते.

"मग तुला कसे कळले?" मी विचारले.

"त्याच्या चपलांना ओला चिखल होता, काका."