न भेटलेल्या आमदाराचं देणं

रामभाऊ म्हाळगींना मी कधी पाहिलं नाही. ते पुण्याचे, मी अंबडचा. ते जनसंघाचे, आमचं घर काँग्रेसचं. तरी तालुक्याचा वार्ताहर म्हणून हातून जे बरं झालं, त्यातलं बरंच देणं त्यांचं लागतं.

घरात एकटे थोरले काका जनसंघवाले. मराठवाड्यात त्या दिव्याच्या खुणेला तेव्हा विचारतंय कोण! पण त्यांच्याकडे म्हाळगींच्या कामाचा वार्षिक अहवाल यायचा. आमदारानं वर्षभर काय केलं, याचा मतदारांना दिलेला छापील हिशेब. आमदार म्हणजे लग्नाला येणारा नि बदली थांबवणारा माणूस, एवढीच आमची समजूत. काका म्हणाले, "वाच, अन् मग आपल्या साहेबाला इचार."

म्हाळगी १९५७ ला मावळातून निवडून आले, पुढे १९६७ आणि १९७२ ला पुण्याच्या शुक्रवार पेठेतून. पक्षाचे आमदार बोटांवर मोजण्याइतके. सत्ता नाही, म्हणून कामं करून देण्याची ऐट नाही. हाती उरतात ती सभागृहाची आयुधं: तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना. ती परजायला अभ्यास लागतो, आणि वकिली केलेल्या या माणसाला त्याचा कंटाळा नव्हता.

हे मला उपयोगी पडलं ते रोजगार हमीच्या कामावर. पाझर तलावावरच्या बायांची मजुरी थकली होती. मोजमाप झालं नाही, हे ठरलेलं उत्तर. एरवी मी 'मजुरांवर अन्याय' असा मथळा देऊन मोकळा झालो असतो. या खेपेला मस्टरचे क्रमांक, हजेरीच्या तारखा, राहिलेली रक्कम उतरवून घेतली आणि एका विरोधी आमदाराला तारांकित प्रश्नच लिहून दिला. सभागृहात उत्तर येण्याआधी गावात मजुरी आली.

त्यांचं हिंदुत्व मला पटलं नाही, त्यांच्या पक्षाला मी मतही दिलं नाही. काकांना याचं वाईट वाटायचं. आणीबाणीत म्हाळगी येरवड्यात स्थानबद्ध होते. १९७७ आणि १९८० ला ठाण्यातून लोकसभेवर गेले, १९८२ मध्ये वारले. त्यांच्या नावाची प्रबोधिनी आता लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. अहवालाची सवय मात्र मतदारांनाही लावायला हवी होती.

२००९ पासून अंबड नावाचा मतदारसंघच उरला नाही. शहर बदनापुरात गेलं, तालुक्यातली काही गावं घनसावंगीत. हिशेब मागायला दोन दारं झाली, एवढंच.