पान्हा आणि केटी

केटी लागली हे बाबांना सांगायचं होतं. म्हणून रविवारी पहाटे त्यांच्याबरोबर आरे कॉलनीतल्या तबेल्यात दूध आणायला गेले.

चाचांनी गंमत म्हणून मला म्हशीजवळ बसवलं. मी सड धरून जोर लावला. बोटं हलवतो तो स्केलेटल मसल. नसेतून सिग्नल आला की सेकंदाच्या दहाव्या भागात काम तमाम! सिग्नलवर सिग्नल आले की तो आवळलेलाच राहतो, आणि मग दमतो. माझी मूठ दमली. दूध थेंबभरही नाही.

"जोर मत लगाओ, बेटी." चाचांनी कास धुतली, रेडकाला थोडं लुचू दिलं आणि थांबले. कासेत दुधाभोवती स्मूथ मसलसारख्या पेशी असतात. त्यांना नसेचा हुकूम चालत नाही. मेंदूतून सुटलेलं ऑक्सिटोसिन रक्तातून तिथवर पोचावं लागतं. म्हैस घाबरली तर अ‍ॅड्रेनलिन ते अडवतं. गाईपेक्षा म्हशीला पान्हा सोडायला वेळही जास्त लागतो. थोड्या वेळाने धारा लागल्या.

माझं हृदय मात्र धडधडत होतं. कार्डियाक मसलची तऱ्हाच वेगळी. ठिणगी त्याची स्वतःची. नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. प्रत्येक ठोक्यानंतर तो क्षणभर नवा सिग्नल घेतच नाही, म्हणून मुठीसारखा आवळून बसत नाही. तेवढ्या उसंतीवर आपण जगतो.

परतताना सांगून टाकलं. बाबा गप्प. एरवी मी "बोला ना, बोला ना" करून डोकं खाल्लं असतं. आज थांबले.

छोटा काश्मीरपाशी ते म्हणाले, "कुठल्या विषयात?"

"सिग्नल्स."

बाबा चक्क हसले.