दांडीला एक उन्हाळा हवा

जळगावच्या मे महिन्यात गिटारच्या दांडीच्या कडेवरून अंगठा फिरवून पाहा. थंडीत गुळगुळीत लागलेली कड आता बोचते. जर्मन सिल्व्हरच्या पडद्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असतात. पडदे वाढलेले नसतात, लाकूड आकसलेलं असतं. पारा 44-45 अंशांच्या घरात गेला आणि हवेतला ओलावा आटला, की दांडीवरची शिसवीची पट्टी रुंदीत किंचित कमी होते. धातू मात्र होता तेवढाच राहतो. मग मृगाचा पाऊस पडतो, पट्टी पुन्हा फुगते आणि टोकं आत जातात. पण एव्हाना दांडीचा बाक बदललेला असतो आणि तारा पडद्यांवर खरखरू लागतात.

इलेक्ट्रिक गिटार हाताने घडवायला शिकताना मापं, सूत्रं, नकाशे सगळं मिळालं. हवा कशी सांभाळायची हे मात्र कुठल्याच नकाशात नव्हतं. ते शिकायला खानदेशातच बसावं लागलं. आज कुणी विचारलं तर मी आधी एवढंच सांगतो, की दांडी घडवण्याचं निम्मं काम हत्यारांचं आणि निम्मं ऋतूंचं.

लाकडापासून सुरुवात करतो. परदेशी पुस्तकं मेपल, ॲश, आल्डर, महोगनी अशी नावं घेतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही लाकडं आणल्याशिवाय गिटार होणारच नाही. पण त्या लाकडांमागे गिटारबरोबर त्या मुलखाचाही हात आहे. ज्याच्या वखारीत जे मिळालं, त्याने ते वापरलं. आपल्याकडे काय आहे ते आपण पाहावं. महोगनी मेलिएसी कुळातली. सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तूण त्याच कुळातलं आणि बांधाबांधावर उभा असलेला आपला कडुनिंबही त्याच कुळातला. कडुनिंबाचं वाळलेलं लाकूड तांबूस, घट्ट आणि किडीला न जुमानणारं. त्याच्या रेषा मात्र एकमेकींत अडकलेल्या असतात. सरळ रंधा मारला तर तंतू उपटून येतात. म्हणून पातं अगदी थोडं बाहेर काढायचं, रंधा तिरका धरायचा आणि शेवटचा हात पॉलिश पेपरचा ठेवायचा. गिटारच्या अंगाला हे लाकूड उत्तम जमतं.

दांडीला माझा भरवसा जुन्या सागावर आहे. एरंडोल-पारोळ्यामार्गे धुळ्याला जाताना रस्त्यालगतची गावं बदलताना दिसतात. धाब्याची घरं उतरवली जातात, तिथे स्लॅब येतो आणि पिढ्यान् पिढ्या छत पेललेले खांब आणि तुळया वखारीत येऊन पडतात. या लाकडाने किती उन्हाळे पाहिलेत ते मोजायची गरजच नाही. त्याला जेवढं वाकायचं होतं तेवढं ते वाकून झालेलं असतं. विकत घेण्याआधी तुळईचं टोक कापून घ्यायचं आणि वाढीच्या रेषा उभ्या आहेत का ते पाहायचं. उभ्या रेषांची दांडी तारांच्या ताणापुढे सरळ राहते, आडव्या रेषांची हळूहळू पीळ खाते. मग जुन्या स्पीकरचा चुंबक सगळीकडून फिरवायचा, कारण अशा लाकडात खिळे लपलेले असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवतो. सागात तेलही असतं. ताज्या रंधलेल्या बाजूवर थिनरचा बोळा फिरवून लगेच गोंद लावला तरच सांधा धरतो. रात्रभर ठेवून सकाळी चिकटवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं.

धुळ्यातल्या एका सुतारनानांनी मला लाकूड ऐकायला शिकवलं. ते पट्टी दोन बोटांत अधांतरी धरत आणि बोटाच्या सांध्याने टकटक करत. वाळलेलं लाकूड खणखणीत बोलतं, ओलं बसक्या आवाजात. मी आणलेली एक देखणी फळी त्यांनी अशीच वाजवली आणि बाजूला ठेवून दिली. "लाकूड अजून जितं शे, भाऊ," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी दांडी एका दमात पुरी करत नाही. आधी ती जाड कापून ठेवायची. उन्हाळा सरला की जी बाजू वाकली असेल ती रंधून सरळ करायची. पावसाळा उलटला की पुन्हा एकदा. तीन पट्ट्या चिकटवून दांडी करायची असेल तर मधली उलटी लावायची, म्हणजे एकीची ओढ दुसरी अडवते. दांडीच्या पोटात पोलादी सळई असतेच, तिला ट्रस रॉड म्हणतात. सहा तारांचा मिळून सुमारे 45 किलोचा ताण दांडीवर असतो आणि तो तोलायचं काम ही सळई करते. ती बाक दुरुस्त करते, दांडीला आलेला पीळ मात्र काढू शकत नाही. पीळ लाकूड निवडतानाच टाळावा लागतो.

यानंतर येतात पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. वाजवणारा रागाप्रमाणे ते कानाने पुढे-मागे सरकवतो. गिटारचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले, त्यामुळे तिथे कानाआधी गणित येतं. तारेची मोकळी लांबी घ्यायची, तिला 17.817 ने भागायचं, पहिला पडदा तिथे. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागायची, दुसरा पडदा तिथे. माझ्या गिटारची तार 648 मिलिमीटर. पहिला पडदा 36.37 वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. युरोपातले जुने कारागीर सोयीसाठी 18 ने भागत. फरक वरकरणी नगण्य वाटतो. पण तो पडद्यागणिक साचत जातो आणि बारावा पडदा सुमारे 2.4 मिलिमीटर अलीकडे पडतो. म्हणून मी प्रत्येक पडद्याचं अंतर आधीच्या पडद्यापासून मोजत नाही. सगळी मापं वरच्या टोकाच्या तारगहनापासूनच घेतो, म्हणजे आखणीतली बारीक चूक पुढच्या पडद्यात उतरत नाही.

गणित बिनचूक असलं तरी तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. जाड तारेला ही खोड जास्त. म्हणून घोडीवरचा प्रत्येक तारेचा आधार थोडा मागे सरकवता यावा लागतो, जाड तारेचा सर्वांत मागे. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथेच तारेला हलका स्पर्श करून काढलेला सूर एक झाला की थांबायचं. आकड्यांवर आखलेली दांडी शेवटी कानावरच पुरी होते, तेव्हा सतारवाला आणि गिटारवाला एकाच जागी येऊन पोहोचतात.

पडद्याची खाच अर्ध्या मिलिमीटरहून जराशीच रुंद लागते. सुताराच्या करवतीची खाच त्याहून रुंद पडते आणि पडदा सैल बसतो. खास करवत मागवायची ऐपत किंवा सोय नसेल तर हॅकसॉचं बारीक दात्यांचं पातं घ्यावं आणि दात्यांची दोन्हीकडची फाक तेलाच्या दगडावर घासून काढावी. पातं जेवढं जाड तेवढीच खाच पडते. असल्या युक्त्या सुतारनाना आणि फिटर यांच्याकडे बसल्यावर मिळतात.

गिटारचा आवाज जिथे विजेत बदलतो तो भाग म्हणजे पिकअप, आणि तो मी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात शिकलो. केळी आणि कापसाच्या या मुलखात पाण्याचे पंप अखंड चालतात, उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की मोटारी जळतात आणि वाइंडिंगवाल्याच्या दारात रांग लागते. पिकअपचं कामही तेच आहे: चुंबकाभोवती तांब्याच्या लाखबंद तारेचे वेढे. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकसा प्रवाह जागा होतो. फरक फक्त प्रमाणाचा. पंपाची तार जाडजूड, तर पिकअपची 0.063 मिलिमीटरची, केसाएवढी, आणि वेढे सात-आठ हजार.

इथे एक गोष्ट नव्या माणसाने लक्षात ठेवावी. परदेशी नकाशावर "42 नंबरची तार" असं लिहिलेलं असतं, ते अमेरिकी गेज. आपल्याकडच्या दुकानात गेज ब्रिटिश पद्धतीचं चालतं आणि त्यातली 42 नंबरची तार 0.1 मिलिमीटरची, म्हणजे बरीच जाड. ती घेतली तर वेढे निम्मेही होत नाहीत आणि बॉबिन भरून जातं. आपल्याला लागते ती जवळपास 46 नंबरची. म्हणून दुकानात नंबर सांगूच नये, मिलिमीटर सांगावेत.

ही तार यंत्राने ओढता येते, पण तिचा ताण बोटांनाच सांभाळावा लागतो. वाइंडिंगवाले भाऊ नमद्याच्या दोन तुकड्यांत तार धरायचे. ताण जास्त झाला तर ती तुटते, कमी झाला तर वेढे सैल बसतात आणि मोठ्या आवाजात पिकअप स्वतःच शिट्टी मारू लागतो. वेढे हलू नयेत म्हणून मोटारीला वार्निशात बुडवून भट्टीत भाजतात. पिकअपला वितळलेल्या मेणात बुडवतात आणि बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढतात. दोन्ही ठिकाणी हेतू एकच, वेढ्यांनी जागा सोडू नये.

आता जिवाच्या काळजीची गोष्ट. गिटारच्या तारा घोडीतून विजेच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्याने गुणगुण कमी होते. पण मंडपातल्या साउंडला अर्थिंगच नसेल तर वाजवणाऱ्याचे हात तारांवर आणि ओठ माइकवर असताना वीज त्याच्या अंगातून वाट काढू शकते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी 1972 मध्ये स्वान्सीच्या मंचावर असाच गेला. आपल्याकडे जनरेटरवर, एका बोर्डातून दहा वायरी काढून कार्यक्रम होतात. त्यामुळे गिटार देताना मी टेस्टरही देतो आणि आधी तो लावून पाहायला सांगतो. गिटार घडवणाऱ्याचं हे कर्तव्यच आहे असं मी मानतो.

हे सगळं करताना मला धीर दिला तो या वाद्याच्या इतिहासाने. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. तरी 1950 मध्ये त्याने सपाट लाकडाच्या फळीला स्क्रूने दांडी जोडलेली गिटार बाजारात आणली आणि तीच पुढे टेलिकास्टर म्हणून जगभर गेली. ब्रायन मे या शाळकरी मुलाने 1963 मध्ये वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, घोडीजवळच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. पुढे क्वीन बँडमध्ये, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाला साथ दिली ती याच गिटारने. आणि आपल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. त्यांच्या पाठीमागून एक गल्लीच्या गल्ली सतार-तंबोऱ्यांची झाली आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. रेडिओवाला, शाळकरी मुलगा, शिकलगार. यांपैकी कुणीही गिटार किंवा सतार करायला कुठे शिकून आलेलं नव्हतं. प्रत्येकाने हाताशी असलेलं कसब नव्या कामाला लावलं.

विजेवर वाजणारं तंतुवाद्य खानदेशाला नवं नाही. कानबाईच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत बेंजो घुमतो तोही पिकअप लावलेलाच. त्याचा मूळ पुरुष 1912 मध्ये जपानच्या नागोया शहरात जन्मलेला ताईशोगोतो. तो जपानहून आला आणि आपल्या वरातींचा झाला. गिटारही तशीच आपली होईल, मात्र ती आपल्या हवेत टिकली पाहिजे. बाहेरून आलेली चांगली गिटारसुद्धा इथे पहिल्या मे महिन्यात रुसते, कारण ती या हवेसाठी घडलेली नसते. इथे वाळवलेली, इथला एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिलेली दांडी वर्षभर सुरात राहते, असा माझा अनुभव आहे.

माझं मागणं साधं आहे. आयटीआयच्या एकाच आवारात सुतारकाम, फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांचे वर्ग चालतात. या तीन वर्गांतल्या तीन मुलांनी एकत्र येऊन एक गिटार घडवावी. लागणारं सगळं ज्ञान त्या तिघांत मिळून आहे. आणि ज्यांची जुनी घरं उतरवली जाताहेत त्यांनी तुळया सरपणाच्या भावाने देऊन टाकू नयेत. एखादी कोरड्या जागी, भिंतीपासून चार बोटं दूर, आडवी ठेवावी. शिकणारं कुणीतरी ती मागायला नक्की येईल.