जुनी मोटार

जुनी मोटार घ्यावी ती नीट पारखून, असें सगळेच सांगतात. पण पारखावयाची कशी, हें तीस वर्षें इंग्रजी काव्याच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविलेल्या माणसास कसें कळावें? म्हणून कोथरूडांतील एक दहा वर्षांची मोटार पाहावयास निघालों, तेव्हां मीं कोपऱ्यावरच्या मिस्त्रीस बरोबर घेतलें. "सकाळीं लवकर जाऊं, सर, आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करूं नका म्हणावं," ही त्याची पहिली अट. तापलेलें इंजिन आपलीं दुखणीं लपवितें, असें त्याचें म्हणणें. (प्राध्यापकांचेंही तसेंच आहे, पण तें असो.)

मोटारीच्या मालकीणबाई सत्तरीच्या घरांतल्या. यजमान वारल्यापासून वर्षभर मोटार दारांतच उभी होती. "ह्यांनीं फार जपली हो! एवढ्या वर्षांत साधा ओरखडा नाहीं," असें म्हणून त्या चहा ठेवावयास आंत गेल्या.

मला वाटलें होतें, मिस्त्री प्रथम मोटार चालवून पाहील. त्यानें वाकून ब्रेकच्या पेडलचें रबर पाहिलें. मीटर ३८,००० किलोमीटर दाखवीत होता. रबर झिजून गुळगुळीत झालेलें असतें, तर मीटर मागें फिरविला आहे असें त्यानें ताडलें असतें. पण रबरावरच्या रेघा शाबूत होत्या. टायरच्या कडेवर चार आंकडे छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढले दोन वर्षाचे. येथें ३५१९ होतें. म्हणजे टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यांतले. नक्षी अजून खोल, पण रबर म्हातारें. मग त्यानें सीटबेल्ट अगदीं शेवटपर्यंत ओढून काढला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या वेळीं तो कुर्ल्यास उमेदवारी करीत होता. बुडालेली मोटार धुऊन पुसून नवी करतां येते, पण पट्ट्याच्या आंतल्या टोंकाची गाळाची रेघ पुसावयाचें बहुधा राहून जातें, हें ज्ञान त्यानें तेथें मिळविलेलें. पट्टा स्वच्छ होता. इंजिन सुरू केलें. निळा धूर नाहीं, म्हणजे तें तेल जाळीत नव्हतें.

मी मनांतल्या मनांत सौदा पुरा करीत आणला होता. इतक्यांत बॉनेटखालीं डोकें घातलेल्या मिस्त्रीनें मला खुणेनें बोलाविलें. डाव्या बाजूच्या दोन बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग पान्यानें खरवडलेला होता. त्या बाजूचा दिवा उजव्यापेक्षां नवा आणि स्वच्छ. "पुढून ठोकलेली आहे, सर. काम चांगलं केलंय, धोका कांहीं नाहीं. पण बाईंना सांगा; वीस हजार सहज उतरतील."

वीस हजार मला जड नव्हते असें नाहीं. पण बाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या, आणि त्या गृहस्थाची ती एक दुपार मला दिसूं लागली. ठोकर बसली असेल, बँकेंत काम आहे असें घरीं सांगितलें असेल, रंग तंतोतंत जुळेपर्यंत गॅरेजांत बसून राहिले असतील. संसारांत अशा दोनचार दुपारी माझ्याही आहेत.

"काकू, टायर जुने झाले आहेत," मी म्हणालों, "चारी बदलावे लागतील." त्यांनीं टायरांपुरते पैसे लगेच कमी केले. परततांना मिस्त्री माझ्याशीं एक शब्द बोलला नाहीं.

मोटार यजमानांच्याच नांवावर होती. त्यामुळें फॉर्म ३१ भरून ती आधीं बाईंच्या नांवावर करावी लागली. मग फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या झाल्या. त्यांनीं विम्याच्या आणि दुरुस्तीच्या कागदांची जाड फाइल माझ्या स्वाधीन केली. गृहस्थ मोठे टापटिपीचे असावेत. एकही पावती गहाळ नव्हती. रात्रीं सहज चाळतांना एका गॅरेजचें बिल हातीं आलें: डावा दिवा, पत्रा सरळ करणें, रंग. खालीं "पैसे दिले" असें लिहून तारीख घातली होती. अक्षर फॉर्मवरच्या सहीच्याच वळणाचें होतें.

मिस्त्रीस मीं हें अजून सांगितलेलें नाहीं.