घोडीची पेन्शन

मला दर महिन्याला पेन्शन मिळते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, फळा-खडू सुटला, पण पेन्शन चालू आहे. "बाई, तुमचं बरं आहे, घरबसल्या मिळतंय," असे कुणी म्हणाले की मी लगेच दुरुस्ती करते. (शिक्षकी सवय, ती काही जात नाही!) पेन्शन घरबसल्या मिळत नसते. ती उभे राहून, घसा बसवून आधीच कमावलेली असते, फक्त हातात उशिरा पडते. आमच्या पिंपरी-चिंचवडला हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे घराघरात कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. दोन्हींच्या मागचा विचार एकच : ज्याच्याकडून काम करून घेतले, त्याच्या म्हातारपणाची तजवीज हा उपकार नव्हे, तो कामाच्या मोबदल्याचाच भाग आहे.

हे सगळे आठवायचे कारण एक घोडी.

माझा एक जुना विद्यार्थी लग्नाच्या वरातीला घोडी देतो. त्याच्या वडिलांचा टांगा होता. सहा आसनी रिक्षा आल्या, टांगे गेले. पोराने मग वरातीचा धंदा धरला. आता चाकण-तळेगाव रस्त्यापर्यंत जिकडे तिकडे मंगल कार्यालये आणि लॉन्स झाली आहेत, त्यामुळे हंगामात बरे चालते. गेल्या वर्षी तो घरी आला आणि चहा झाल्यावर म्हणाला, "बाई, चांदणीचं काय करू? वय झालं. गुडघे धरलेत. डीजेच्या आवाजात पूर्वी गप उभी राहायची, आता थरथरते. नवरदेव वर बसलेला असताना कोसळली म्हणजे?"

"मग नको पाठवू तिला."

"नाही पाठवत. पण दावणीला नुसती बांधून किती दिवस खायला घालू? एकजण न्यायला तयार आहे. पैसेही देतोय. फक्त कुठे नेणार विचारलं की हसतो."

त्या हसण्याचा अर्थ त्यालाही कळत होता, म्हणून तर तो माझ्याकडे आला होता. आपल्याकडे घोड्याचे मांस खाण्याची रीत नाही, त्यामुळे घोड्याच्या नशिबी कसाई नाही असे आपण समजतो. पण म्हाताऱ्या घोड्याला संपवायला कसाईच लागतो असे थोडेच आहे? तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा गरीब आणि प्रत्येक काम आधीच्यापेक्षा जड. शेवटी कुणीतरी त्याला रात्री रस्त्यावर सोडून देतो. पूर्वी सोडलेले जनावर निदान गायरानात चरत तरी असे. आता गायरानांवर शेड उभ्या राहिल्या, आणि ते चरते कचराकुंडीपाशी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट.

मी मराठी शिकवत असे, गणित नव्हे, पण त्या दिवशी हिशेब मांडला. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. शर्यतीच्या घोड्याची कारकीर्द तर फार लवकर आटपते, बहुतेक वेळा सात-आठ वर्षांच्या आतच. वरातीची किंवा टांग्याची जनावरे जास्त वर्षे राबतात, पण त्यांचीही शेवटची आठ-दहा वर्षे बिनकामाची असतात. घोडा रोज वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडा चारा खातो. साडेतीनशे किलोचे जनावर धरले तर दिवसाला सात किलो, वर्षाला अडीच टन. दहा वर्षे धरली तर पंचवीस टन! शिवाय चंदी वेगळी, पाणी वेगळे, सहा-आठ आठवड्यांनी खूर कापून घेण्यासाठी नालबंद, धनुर्वाताची लस आणि पोटशूळ उठला तर रात्री-अपरात्री डॉक्टर. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, मग त्याला कडबा चावत नाही. कोंडा भिजवून तोबऱ्यात द्यावा लागतो.

म्हणजे "घोडा वाचवला" असे आपण म्हणतो तेव्हा वाचवणे एका दिवसाचे असते आणि सांभाळणे पुढची दहा वर्षे. व्यापाऱ्याच्या हातून चार-पाच हजारांना दोरी सोडवून घेणे सोपे. ती दोरी मग कुठे बांधायची?

चांदणीसाठी जागा शोधताना हाच प्रश्न दर फोनला समोर आला. पांजरपोळ ही आपल्याकडची जुनी सोय. मुंबईत १८३२ साली भटक्या कुत्र्यांना मारण्यावरून दंगल झाली आणि त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी तिथला पांजरपोळ काढला, हे मी मुलांना सांगत असे. म्हणून आशेने दोन लांबच्या गोशाळांना फोन केले. दोन्हीकडून उत्तर एकच, गायी-बैलांनीच जागा भरली आहे, घोडा कुठे ठेवू? त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. कायद्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायचा हा लेख नाही. पण बाजाराला नेलेला थकलेला बैल तिथून पुढे जायचा थांबला, तरी त्याच्या कडब्याची सोय कायद्याबरोबर आपोआप येत नाही. ती शेतकऱ्याच्या नाहीतर गोशाळेच्या अंगावर पडते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत घोड्यांचे उरलेले कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. अनेकांना वाटले, घोडे सुटले. प्रत्यक्षात ते ट्रकमध्ये भरून कॅनडा आणि मेक्सिकोच्या कत्तलखान्यांकडे जाऊ लागले. २०१० या एका वर्षात असे सुमारे १,३८,००० घोडे सीमेपार गेले. आधी जितका होता त्याहून लांबचा प्रवास, उभ्याने, आणि शेवट तोच. मुंबईत ८ जून २०१५ रोजी उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि त्या वर्षभरात बंद करायला सांगितले. त्या डांबरी रस्त्यावर, त्या उन्हात घोडे पळवणे थांबले ते योग्यच झाले. २०२१ मध्ये त्याच थाटाच्या विजेवरच्या गाड्याही आल्या. गाडीवाल्यांच्या पोटाचा प्रश्न निदान चर्चेला तरी आला, कारण त्यांना बोलता येते.

एक दरवाजा बंद केला की आपल्याला समाधान मिळते. जनावराला मात्र दुसरा दरवाजा उघडा लागतो.

हे फार लवकर ओळखलेली एक बाई होऊन गेली, डोरोथी ब्रुक. तिचा नवरा ब्रिटिश सैन्यात अधिकारी. १९३० मध्ये ती कैरोला गेली, तेव्हा पहिल्या महायुद्धात लढलेले इंग्रजांचे घोडे तिथल्या गाड्यांना जुंपलेले तिला दिसले. लढाई संपल्यावर सैन्याने ते तिथेच विकून टाकले होते. परत नेण्याचा खर्च नको म्हणून! कुणी आंधळे, कुणी लंगडे, सगळे हाडांचे सापळे. तिने १९३१ मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले, लोकांनी पैसे पाठवले, आणि तीन-एक वर्षांत तिने असे सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. आता यातली अवघड गोष्ट सांगते. त्यांतले बहुतेक इतके खंगलेले होते की तिने त्यांना काही दिवस पोटभर खायला घातले, मऊ गवताचे अंथरूण दिले आणि मग वेदना न होता मरण दिले. वाचताना मी थांबले होते. याला वाचवणे म्हणायचे का? खूप विचार केल्यावर मला वाटते, हो, म्हणायचे. ज्या मालकाला घोडा सोडून द्यावा लागला, तो मालकही बहुधा तितकाच गरीब होता. म्हणून बाई घोडे विकत घेऊन थांबली नाही. १९३४ मध्ये तिने कैरोत दवाखाना काढला, कामाच्या जनावरांवर फुकट उपचार करणारा. पुढचा घोडा त्या अवस्थेला जाऊच नये म्हणून. तिच्या नावाची संस्था आज भारतातही काम करते.

इतक्या लांब कशाला जायचे? आमच्या पिंपरीतच हाफकिनचा घोड्यांचा तबेला होता. घोड्याला सापाच्या विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, हळूहळू वाढवत न्यायची. त्याच्या रक्तात विषाचा प्रतिकार तयार होतो, आणि त्या रक्तातून नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावरचे औषध बनते. मावळात, खेडमध्ये भातखाचरात पाय टाकणाऱ्या कितीतरी जणांचा जीव अशा घोड्यांनी वाचवला आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीच्या कामाचे न उरलेले घोडेही हाफकिनला जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली हे प्रसिद्धच आहे. म्हणजे घोडा निवृत्त होऊनही माणसाच्या कामी आलाच. घोड्याचे सुखाचे दिवस मात्र अजून पुढेच!

पण याच क्षेत्रात मला एक फार शहाणा नियम सापडला. प्रयोगांत वापरलेल्या प्राण्यांचा नंतरचा सांभाळ ही प्रयोग करणाऱ्याचीच जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च संशोधनाच्या खर्चातच धरावा, असे केंद्र सरकारचे नियम सांगतात. नियम किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण विचार बघा. म्हातारपणाचा खर्च शेवटी कुणा दयाळू माणसाने करायचा नाही, तो पहिल्या दिवशीच्या किमतीतच धरायचा. हा आमचा पीएफच झाला की!

आणि हे आपल्याला परके नाही. आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व चालत येतात. रिंगणात ते धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. मीही लावली आहे. खंडोबा घोड्यावर, आणि नवरदेव बोहल्यावर चढण्याआधी घोडीवर. ज्याची माती कपाळाला लावतो, त्याचे उतारवय आपल्या हिशेबात कुठेच नसते.

तर चांदणीचे काय झाले, ते सांगते. मावळातल्या एका फार्महाउसवाल्याने फुकट घेण्याची तयारी दाखवली. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' अशी म्हण आहे. फुकट मिळालेल्याला नावे ठेवू नयेत म्हणून. पण घोडी द्यायची तर देणाऱ्याने घेणाऱ्याचेच दात मोजावेत असे माझे मत झाले आहे. विचारल्यावर कळले की शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांच्या मुलांना बसायला त्यांना घोडी हवी होती. गुडघे गेलेली घोडी! नको म्हणून सांगितले.

शेवटी ती जिथे होती तिथेच राहिली. आम्ही तिची भिशी केली. माझ्या त्या वर्गातले चारजण, त्यांतले दोघे कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि मी. दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची, भिशी कधीच कुणाला लागत नाही, ती चांदणीला लागते. पत्र्याची शेड त्याचीच, खरारा तोच करतो, भिजवलेला कोंडा त्याची बायको देते. दात तपासायला डॉक्टर वर्षातून एकदा येतात. आणि एक गोष्ट आम्ही आधीच बोलून ठेवली आहे : ज्या दिवशी ती स्वतःहून उठू शकणार नाही, त्या दिवशी तिला ओढत ठेवायचे नाही. डॉक्टरांना बोलवायचे.

पण ही झाली एका घोडीची सोय, पाच जणांच्या खिशातून. वरातीमागून घोडे म्हणतात तसे. त्याने आता दुसरी घोडी आणली आहे, सात वर्षांची. तिच्यासाठी मी त्याला पोस्टात आवर्ती ठेवीचे खाते काढायला लावले. वरातीमागे पाचशे रुपये बाजूला. वर्षाला चाळीस वराती धरल्या तर वीस हजार, दहा वर्षांत दोन लाख. तेवढ्यात सगळे भागणार नाही, पण "कुठे नेणार" विचारल्यावर हसणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याइतके बळ त्यातून नक्की येते.

तो म्हणाला, "बाई, मग भाडं वाढवावं लागेल."

मी म्हणाले, "वाढव. आणि कशासाठी वाढवलं ते लग्नघरी सांग."

त्याने सांगून पाहिले. काहींनी घासाघीस केली. एका मुलीच्या वडिलांनी मात्र न बोलता पाचशे जास्त दिले. ते कारखान्यातून निवृत्त झालेले होते.

तुमच्या घरी लग्न असेल आणि घोडी ठरवायची असेल, तर भाड्याबरोबर एवढेच विचारा, की हिचे वय किती आणि थकल्यावर ही कुठे राहणार. उत्तर तयार नसेल, तर आपल्या बाजूने पाचशे रुपये घेऊन बोलणी सुरू करता येतात.