नाकापुरतं स्वातंत्र्य

माणसाच्या स्वातंत्र्याची हद्द कुठे संपते, या प्रश्नाने मोठमोठे विचारवंत हैराण झाले आहेत. हात खुशाल फिरवा, फक्त दुसऱ्याच्या नाकाशी आला की थांबवा, असा तोडगाही त्यांनी काढून ठेवला आहे. पण ही मंडळी भिवापुरात राहिलेली नसावीत. इथे नाकापर्यंत पोचायला हात लागतच नाही. चार घरं सोडून कोणी मिरची परतली, की झालं!

आणि मिरची तरी साधीसुधी? भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. इतकी मान्यता आमच्या आळीत अजून कुणाला मिळालेली नाही, अगदी मलासुद्धा.

एकदा मी मुद्दाम राज्यघटनेचं १९वं कलम काढून वाचलं. पहिल्या उपकलमात स्वातंत्र्यं. मुळात सात होती. मालमत्तेचं १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने गेलं, राहिली सहा. आणि त्यांच्यावरचे निर्बंध सांगायला पुढची पाच उपकलमं! वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं. ठसक्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही. रात्री दहानंतरच्या भोंग्यांना २०००च्या नियमांनी वेसण घातली, मिरचीला कोण घालणार?

ते काम आळीतल्या बायांनी केलं आहे. "दारं लावून घ्या वो, मिरच्या परताले घेतल्या!" अशी हाक आली, की पाच मिनिटांची मुदत. तान्ही पोरं मागच्या घरी जातात. शेजारच्या काकाजींना दमा आहे. ते काठी घेऊन निघतात. पूर्वी ठेसनावर नागपूर-नागभीडची छोटी गाडी बघत बसायचे. रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली, तेव्हापासून पारावर बसतात.

"काकाजी, तुम्हाले इतका त्रास होते, तर तयार तिखट आणा म्हणून सांगत का नाही?" मी एकदा विचारलं.

"सांगतो ना! मंग भाजी कोणाच्या घरी जेवू?"

आळीभर दारं बंद असतात तेव्हा आमच्या स्वयंपाकघराचं तेवढं उघडं असतं. नाकाला पदर बांधून सौभाग्यवती कढईपुढे उभी. खोकते, डोळे पुसते, पण जागची हलत नाही.

"अगं, तूही जरा बाहेर जा ना," मी दारातून म्हणालो.

"जातो ना. मिरची करपते, तेवढी हलवत राहा तुम्ही."

मी तोवर एका पायात चप्पल सरकवली होती. दुसरी शोधत होतो.