प्रेसनोट : नावांची यादी की चळवळीची मागणी?

सोलापुरात जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा संविधान दिन जवळ आला की कार्यकर्त्यांचे फोन सुरू होतात. "दादा, प्रेसनोट तेवढी बघून घ्या." पत्रक उघडले की बहुतेक वेळा चित्र एकच असते. सुरुवातीला महामानवांना विनम्र अभिवादन. मग अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, स्वागताध्यक्ष, निमंत्रक अशी वीस-पंचवीस नावे. कार्यक्रम कशासाठी आहे ते शेवटच्या ओळीत. वेळ कधीकधी नसतेच. आणि बातमी आली नाही की निष्कर्ष तयार असतो : माध्यमे मनुवादी आहेत.

माध्यमे जातीयवादी आहेत याबद्दल माझे दुमत नाही. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. तेव्हा हे दुखणे शंभर वर्षांहून जुने आहे. पण मित्रांनो, प्रश्न असा आहे की त्या नकारानंतर बाबासाहेबांनी काय केले?

त्यांनी स्वतःची पत्रे काढली. 'मूकनायक'नंतर 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता', 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पण म्हणून इतरांच्या वृत्तपत्रांशी बोलणे त्यांनी बंद केले नाही. 23 सप्टेंबर 1956 रोजी त्यांनी वृत्तपत्रांसाठी एक निवेदन काढले. 14 ऑक्टोबर, दसऱ्याचा दिवस, नागपूर, सकाळी 9 ते 11 या वेळेत आपण धर्मांतर करणार. दिवस, ठिकाण, वेळ आणि कृती, सगळे स्पष्ट. तीन आठवडे आधी. दीक्षेच्या आदल्या दिवशी, 13 ऑक्टोबरला, नागपूरच्या श्याम हॉटेलमध्ये त्यांनी पत्रकार परिषदही घेतली. एवढी मोठी क्रांती सांगायला त्यांना विशेषणांची गरज पडली नाही. आपल्याला एका मेळाव्यासाठी का पडते?

आता आपल्याच शहरातला एक अनुभव सांगतो. काही विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीच्या प्रश्नावर मेळावा ठरवला होता. शिष्यवृत्ती जमा होत नाही आणि फी भरल्याशिवाय कॉलेज कागदपत्रे देत नाही, अशी पोरांची कोंडी झाली होती. त्यांच्या पत्रकात एकोणीस नावे होती. त्यात एकही विद्यार्थी नव्हता, एकही बाई नव्हती. जिची कागदपत्रे अडकली होती आणि जी स्वतः मंचावरून बोलणार होती, त्या मुलीचा उल्लेख "इतर मान्यवर" यातसुद्धा नव्हता. आणि एकोणीस नावे कोणाच्या आधी कोण या हिशेबाने लावलेली! उतरंड मोडायला निघालेल्या चळवळीच्या कागदावर ही उतरंड कुठून आली?

मी नावे काढायला सांगितली तेव्हा एक जण म्हणाला, "दादा, माणसे नाराज होतील. पुढच्या वेळी वर्गणी कोण देणार?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आपले कार्यक्रम लोकवर्गणीतून होतात आणि देणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. पण त्यासाठी निमंत्रणपत्रिका आहे, चौकातला डिजिटल आहे, मंचावरून आभार आहेत. वृत्तपत्रातल्या चार ओळी त्या मुलीच्या हक्काच्या आहेत.

मग पत्रक नव्याने लिहिले. पहिल्या वाक्यात प्रश्न आणि मागणी. दुसऱ्यात वार, तारीख, वेळ, सभागृह. तिसऱ्यात कोण बोलणार : दोन विद्यार्थी, एक वकील. खाली संपर्कासाठी एक नंबर. जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री बहुधा खालून चालते, म्हणून महत्त्वाचे ते वर. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला, म्हणजे तिकडे पुन्हा टाइप करावा लागू नये. आणि तीन दिवस आधी पाठवला.

एका दैनिकाने चार ओळी छापल्या, दुसऱ्याने काहीच नाही. त्या चार ओळींत मागणी मात्र शाबूत होती. मेळाव्यानंतर दिलेल्या निवेदनाला तेच कात्रण जोडले. त्या कात्रणाने शिष्यवृत्ती जमा झाली असे मी म्हणणार नाही. पण साहेबांच्या टेबलावर पोरांचा प्रश्न छापील स्वरूपात गेला. एकोणीस नावांचे कात्रण जोडून काय साधले असते?

काही तरुण म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप आहे, फेसबुक आहे, वृत्तपत्र हवे कशाला? आपल्या ग्रुपवर आपलीच माणसे असतात. ती तशीही येणार आहेत. ज्याच्याशी भांडायचे आहे तो अधिकारी आपल्या ग्रुपवर नाही. शिवाय पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, छापलेला कागद फायलीत आणि ग्रंथालयात राहतो. उद्या कोणी सोलापूरच्या चळवळीचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्या हाती तोच कागद लागेल.

आपली माध्यमे उभी करणे हे काम चालूच राहिले पाहिजे. दुसऱ्यांच्या माध्यमांनी नाकारले तर जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायचा तर आपण पाठवलेल्या कागदात नाकारण्यासारखे काही तरी असावे लागते. नावांची यादी टाळली तर संपादक सहज म्हणेल, "यात बातमी कुठे होती?" मागणी टाळली तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

जयभीम!